घशातली टाचणी

वहिनींच्या घशात टाचणी अडकली ती हसताना. निदान तशी त्यांची खात्री होती, आणि वहिनींची खात्री त्यांच्या शिलाईसारखी असते. कापड फाटेल, पण टाका सुटणार नाही.

शिवणकामाचं ते दुकान त्यांच्या नणंदेचं. नणंद धाकटी. ती वहिनींना वहिनी म्हणते म्हणून मशीनवरच्या बायकांपासून इस्त्रीवाल्या मामांपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणू लागले. आणि सगळे नणंदेला ताई म्हणतात, म्हणून वहिनीसुद्धा आपल्यापेक्षा चांगल्या लहान असलेल्या नणंदेला ताई म्हणू लागल्या. नात्यांचा हा गुंता कोणाला खटकत नाही, कारण कामाचा गुंता त्याहून मोठा असतो. ताई कापड बेतते, बायका शिवतात, मामा इस्त्री फिरवतात आणि वहिनी फिटिंग करतात. म्हणजे गिऱ्हाईक अर्धवट शिवलेला कपडा घालून आरशासमोरच्या बुटक्या लाकडी ओट्यावर उभं राहतं, आणि वहिनी त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरत, जिथे सैल दिसेल तिथे चिमटीत धरून टाचणी लावतात. दोन्ही हात कापडात अडकलेले, म्हणून टाचण्या ओठांत. टोकं आत, डोकी बाहेर, म्हणजे चिमटीला डोकं आयतं सापडतं. ओठांत टाचण्या धरून वहिनी बोलू शकतात, भांडू शकतात, शिंकसुद्धा परतवून लावू शकतात.

गेल्या वर्षी ताईनं सगळ्यांसाठी मनगटावर बांधायच्या लोहचुंबकाच्या पट्ट्या आणल्या होत्या. "आता टाचण्या ह्यावर. तोंडात कोणी धरायच्या नाहीत," ती म्हणाली.

"तू फ्रॉक घालून माझ्या मागं मागं फिरायचीस ना, तेव्हापासून धरतेय," वहिनी म्हणाल्या होत्या. "अजून एकही पोटात गेली नाही." पट्टी त्यांनी बांधली, पण ती बांगडीसारखी. शोभेला.

तर त्या दिवशी एका गायकवृंदाचे लांब झगे आले होते फिटिंगला. वृंदात एक लठ्ठ गवई होता, आवाज असा खोल की तो बोलला की ओटा थरथरायचा. वहिनी त्याच्या पायाशी वाकून झग्याची खालची दुमड धरत होत्या. जेवण नुकतंच झालेलं, ओठांत टाचण्यांची दाटी. गवई वरून म्हणाला, "बाई, झगा जरा वर राहू द्या. आवाज जमिनीला लागतो तेवढा पुरे आहे."

वहिनींना हसू फुटलं. हसू आलं तसा श्वास आत गेला, आणि श्वासाबरोबर घशातून काहीतरी बारीक, गार असं खाली सरकलं. की सरकल्यासारखं वाटलं. त्यांनी टाचण्या तळहातावर काढल्या आणि बघत राहिल्या. ओठांत किती होत्या, हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी मोजलं नव्हतं. आता हातातल्या मोजून काय कळणार.

"काय हरवलं?" गवयानं विचारलं.

"काही नाही. खडू," वहिनी म्हणाल्या, आणि मनगटावरची पट्टी पहिल्यांदाच कामाला लावून सगळी फरशी पालथी घातली. फरशीवरून खूप टाचण्या निघाल्या. त्यातली कुठली आजची आणि कुठली गेल्या महिन्यातली, हे त्यांना कोण सांगणार होतं.

संध्याकाळपर्यंत घशात टोचायला लागलं.

इथे एक सांगायला हवं. वहिनींना छातीत जळजळ व्हायची ती काही आजची नव्हती. जेवण झालं की पोटाच्या खळगीतून एक आगीची रेघ वर चढायची, कधी कधी आंबट पाणी थेट जिभेच्या मुळापर्यंत यायचं. पण ह्या दुखण्याला त्या दुखणं म्हणतच नव्हत्या. "माझं ते" म्हणायच्या, जसं एखाद्या खोडकर दिराबद्दल बोलावं तसं. "माझं ते" उठलं की औषधाच्या दुकानातली गुलाबी बाटली तोंडाला लावायची, वर पुदिन्याची गोळी चघळायची, की झालं. कमरेला कात्री, टेप आणि खडूचा रुंद इलास्टिकचा पट्टा, तो घट्ट, कारण वाकल्यावर कात्री हलता कामा नये. ह्या सगळ्याचा आणि टाचणीचा काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. जळजळ ही जळजळ होती. टाचणी ही टाचणी.

आणि टाचणी जगाला सांगायची सोय नव्हती. ताईला सांगितलं तर ती काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. नवऱ्याला सांगावं तर तो शहर बसचा ड्रायव्हर, त्याला सांगितलं की ते पुढच्या थांब्यापर्यंत पोचलं समजा. आणि डॉक्टरला सांगावं तर डॉक्टर गळा कापणार. कुठून कापतात हे वहिनींनी आरशासमोर उभं राहून बोटानं पाहिलंसुद्धा. मग त्या मूग गिळून बसल्या.

चारआठ दिवसांनी त्यांनी मामांना आडवळणानं विचारलं. "मामा, समजा एखाद्यानं सुई गिळली तर?"

मामांनी इस्त्री उभी केली. मामांना प्रश्न विचारला की ते इस्त्री उभी करतात आणि मग कापड गार होईपर्यंत बोलतात. "आमच्या शेजारच्यांच्या कुत्र्यानं गिळली होती. दोऱ्यासकट. त्याला सांजसकाळ नुसता पाव घातला. पावात गुंडाळली गेली आणि आली बाहेर."

"आणि नसती आली तर?"

"तर सरकत जाते म्हणतात. सुई एका जागी थोडीच बसते. काळजापर्यंत गेली की..." मामांनी हवेत बोट फिरवलं आणि परत इस्त्री हातात घेतली. "कोणी गिळली?"

"कुत्र्यानं," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात पाव आणि केळी टिकेनात. नवऱ्याची पाळी उशिरा सुटायची, आणि दोघांनी जेवायचं ते एकत्रच, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. त्यामुळे जेवण उशिरा, आणि जेवण झालं की अंथरूण. आता नवरा आडवा झाला की वहिनी स्वैपाकघरात उभ्या राहून कोरड्या पावाचे मोठमोठे घास न चावता उतरवायच्या, वरून केळं ढकलायचं, पुन्हा पाव. टाचणीभोवती गादी व्हायला हवी, दाबून भरलेली, जशी सोफ्याची. मग त्या जड पोटानं आडव्या व्हायच्या आणि अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघायच्या.

आणि टाचणी हलायची. आडवं झालं की हटकून हलायची. गळ्याच्या खोबणीत टोचायचं, छातीच्या हाडामागे चटका बसायचा, खोकला यायचा. वहिनी उठून खुर्चीत बसल्या की थांबायचं. म्हणजे ती बसल्यावर झोपते, असा वहिनींनी अर्थ लावला. मग त्या खुर्चीतच बसून राहायच्या, टाचणीला जाग येऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायच्या.

"अगं, घरात माकड पाळलंयस का?" नवऱ्यानं एका सकाळी केळ्यांची रिकामी टोपली वाजवत विचारलं. "पाळलं असेल तर मला दाखव तरी. तिकीट लावू."

वहिनी काहीतरी बोलायला गेल्या आणि आवाज फुटलाच नाही. घशातून नुसती खरखर. नवरा हसला. "हे बघ, गवयांचे झगे शिवून शिवून तूही खालच्या पट्टीत गायला लागलीस."

वहिनींचं बोट गळ्यावर गेलं. आवाजाची नळी. टाचणी आवाजाच्या नळीपर्यंत पोचली होती.

मग भीतीनं त्यांच्या दिवसाचा ताबाच घेतला. फिटिंगला वाकायचं म्हटलं की त्या टाळाटाळ करायच्या, कारण वाकलं की ती पुढे घसरते. मान वळवायची तर सगळं धड वळवायचं. हसायचं नाही. मशीनवरच्या बायका म्हणायच्या, वहिनींना कोणाची दृष्ट लागली, पुतळ्यासारख्या चालतात. दुकानात बिनडोक्याचा पुतळा होता, कपडे चढवायचा. वहिनी त्याच्याजवळून जाताना मनात म्हणायच्या, तू सुखी आहेस बाबा, तुला घसाच नाही. छातीत धडधडलं की थांबून मोजमाप घ्यायच्या, ही धडधड काळजाची की काळजाजवळ काही आल्याची. कितीदा तरी ताईच्या टेबलापर्यंत जाऊन, दोऱ्याची रिळं मागून परत आल्या. अशी रिळांची रास त्यांच्या खणात साठली.

ब्र काढला नाही. पण शरीर किती दिवस गुपित ठेवणार.

दुपारच्या सुट्टीत सगळे कटिंगच्या लांब टेबलाभोवती जेवायला बसले होते. वहिनींनी पावाचा एक मोठा घास सवयीनं न चावता उतरवला, आणि तो उतरलाच नाही. छातीच्या मधोमध अडकला. वर येईना, खाली जाईना. पाणी प्यायल्या तर पाणी त्याच्यावर साचून राहिलं आणि तोंडातून परत आलं. वहिनींनी टेबलाची कड धरली. श्वास चालू होता, पण त्यांना तो चालू असल्याचं पटत नव्हतं. डोळ्यांसमोर समोरच्या बाईचा अर्धा खाल्लेला पाव तेवढा दिसत होता, फार स्वच्छ, त्याचा एकेक कण.

ताई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं पाठीवर हात ठेवला, थोपटलं नाही, नुसता ठेवला. "वहिनी, नाकानं श्वास घे. घेतेस ना. अजून एक. बोलू नकोस."

बऱ्याच वेळानं घास आपणहून, दुखवत दुखवत, खाली गेला. वहिनींच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"टाचणी गिळलीय मी," त्या म्हणाल्या.

मामांचं तोंड उघडं राहिलं. त्यांना बहुतेक कुत्रं आठवलं.

"कधी?" ताईनं विचारलं.

"झग्यांच्या वेळी."

ताईनं एक शब्द काढला नाही. टाचण्यांबद्दल नाही, पट्टीबद्दल नाही. तिनं वहिनींच्या कमरेचा पट्टा सोडला, कात्रीसकट टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या चपला पायात सरकवल्या. "ऊठ," ती म्हणाली.

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत इतकी थंडी होती की वहिनींना वाटलं, इथे माणसं टिकावी म्हणून ठेवतात. पाटीला छाती लावून उभं राहायचं, हनुवटी वर, श्वास रोखा. श्वास रोखायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मग गळ्याचा, पोटाचा आणि बाजूनंही काढला. मग बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. ताईनं त्यांचा हात धरला होता, आणि वहिनींच्या मनात येत होतं की हिचा हात लहानपणी रस्ता ओलांडताना मी असा धरायची.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं सैल. त्यांनी पडद्यावर फोटो लावला. वहिनींनी फासळ्या पाहिल्या, आपल्याच, आणि त्यांना उगीच लाज वाटली.

"टाचणी नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोखंड असतं तर पांढरं लख्ख दिसलं असतं. घशात नाही, छातीत नाही, पोटात नाही. एक तर तुम्ही गिळलीच नाहीत, किंवा गिळलीत आणि केव्हाच निघून गेली."

ताईनं इतका मोठा निःश्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "बघ," ती म्हणाली. "उगाच जिवाला घोर."

पण वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "नीट बघा," त्या म्हणाल्या. "परत काढा. बाजूनं काढा. असेल कुठेतरी हाडामागे."

"बाजूनंही काढलाय. नाही."

"असायला पाहिजे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा खरखरीत आवाज मध्येच तुटला. "टाचणी नाही तर मग काय आहे?"

आणि ती गोष्ट आली. इतके दिवस टाचणीच्या मागे लपवून ठेवलेली. वहिनींच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. काहीतरी टोचतंय गं, आई म्हणायची, आणि सगळे म्हणायचे, चावून खात जा. मग भात उतरेना. मग पेज उतरेना. शेवटी वहिनी चमच्यानं पाणी पाजायच्या आणि ते पाणी ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचं, आज टेबलावर आलं तसंच. अन्ननलिकेतली गाठ. कळली तेव्हा फार उशीर झाला होता.

टाचणी बरी होती. टाचणीला टोक असतं, डोकं असतं, ती कुठून आली हे माहीत असतं, आणि चिमट्यानं काढता येते. म्हणून तर वहिनींनी ती इतकी जपली.

हे त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यात, डॉक्टरीणबाईंकडे न बघता, एक्स-रेमधल्या फासळ्यांकडे बघत. ताईला आई माहीत होती, पण सुरुवात कशी झाली ते माहीत नव्हतं. तिचा हात सैल पडला आणि परत घट्ट झाला.

डॉक्टरीणबाईंनी "घाबरू नका" असं म्हटलं नाही, हे वहिनींच्या लक्षात राहिलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मला सांगा, टोचतं कधी? सगळा वेळ?"

"नाही. आडवं झालं की. वाकलं की. जेवल्यावर."

"आणि बसलं की कमी?"

"बसल्यावर ती झोपते." बोलल्यावर वहिनींना स्वतःचंच कसंसं झालं.

"छातीत जळजळ?"

"ती काय, ती कायमचीच आहे."

"कायमची म्हणजे?"

वहिनी विचार करू लागल्या. मुलगी शाळेत होती तेव्हा गुलाबी बाटली होती का? होती. मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरीला होती.

डॉक्टरीणबाईंनी मग एकेक विचारलं आणि वहिनींनी एकेक सांगितलं. उशिराचं जेवण, लगेच अंथरूण. जेवून उठल्या उठल्या गुडघ्यांवर वाकून काम. कमरेचा पट्टा. पुदिन्याच्या गोळ्या. आणि शेवटी, मान खाली घालून, पाव आणि केळी.

"किती पाव?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोफा भरेल एवढा," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही, आणि वहिनींना त्या हसण्याचा एवढासा आधार वाटला.

"पोटात जे आम्ल असतं ना, ते जाळणारंच असतं. पोटाला आतून त्याच्यासाठी अस्तर आहे. अन्ननलिकेला तसलं अस्तर नाही. मध्ये एक झडप असते, ती सैल पडली की आम्ल वर येतं. आडवं झालं, वाकलं, कंबर आवळली, पोट गच्च भरलं, की जास्त येतं. पुदिन्यानं पण काही जणांची झडप आणखी सैल होते. घशापर्यंत पोचलं की तिथे टोचतं, गोळा अडकल्यासारखं वाटतं, सकाळी आवाज बसतो. तुमचं बरंचसं ह्याच्याशी जुळतंय."

"बरंचसं," वहिनी म्हणाल्या. कपड्याची असो वा बोलण्याची, सैल जागा त्यांना लगेच दिसते.

"हो. घास अडकला आणि आईंचं तसं होतं, म्हणून मी अंदाजावर सोडणार नाही. सकाळी उपाशीपोटी या. दुर्बीण घालून आतून बघू."

घरी वहिनींनी नवऱ्याला सांगितलं. तो बसचे कपडेसुद्धा न बदलता ऐकत बसला. टाचणी ऐकून त्याचं तोंड हसण्याकडे वळलं होतं, माकड आठवलं असणार, पण आईचं आलं तेव्हा ते तसंच अर्ध्यात राहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विनोद केला असतात."

तो म्हणाला, "केला असता. मग गाडी काढली असती."

सकाळी दवाखान्यात परिचारिकेनं कडवट फवारा घशात मारला आणि घसा वहिनींचा राहिला नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत एक प्लॅस्टिकची कडी दिली. नळी काळी, बोटाएवढी. ती आत जाताना वहिनींना ओकारी आली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, की आईला हे एकटीला करावं लागलं होतं. त्या वेळी नातेवाइकांना आत घेत नसत. इथे परिचारिकेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ती सारखी म्हणत होती, आत्ता संपेल, आत्ता संपेल. संपेना. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या आणि मध्येच त्या थांबल्या. फार वेळ थांबल्या. चिमटा मागितला. आतून काहीतरी अलगद तोडल्यासारखं झालं, दुखलं नाही, आणि न दुखण्याचीच वहिनींना जास्त भीती वाटली.

नंतर खोलीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खालचा भाग सोलवटलाय. लालभडक, जखमा आहेत. सुजेमुळे जागा थोडी आकसलीय, म्हणून घास अडकला. गाठ मला दिसली नाही. पण एका जागचा रंग मला वेगळा वाटला, म्हणून बारीक तुकडे तपासणीला पाठवलेत. उत्तर आलं की फोन करते. औषध आजपासूनच सुरू. सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी, रोज, बरं वाटलं तरी."

गाठ दिसली नाही. रंग वेगळा. वहिनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पहिलं वाक्य धरून ठेवायला बघत होत्या, पण दुसरंच वर यायचं.

ते थांबण्याचे दिवस वाईट होते. टाचणी होती तेव्हा निदान खुर्चीत बसून तिला झोपवता येत होतं. ह्या भीतीला कुठल्या कुशीवर निजवायचं ते कळेना. नवरा दुपारी विटा घेऊन आला आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय त्यावर चढवू लागला, कारण उशा रचून भागत नाही, उशांनी पोट दुमडतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पलंग तिरका झाला. तो त्यावर झोपून बघायला गेला आणि हळूहळू पायथ्याकडे घसरत गेला.

"मी रोज रात्री इथून सुटणार आणि सकाळी दाराशी सापडणार," तो म्हणाला.

वहिनी हसल्या. हसल्या आणि त्याच हसण्यात रडू लागल्या. तो घसरलेल्या जागेवरूनच उठून आला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला.

रोज एकत्र जेवायचा नेम मोडला. दिवेलागणीला वहिनी एकट्याच थोडंसं जेवून घ्यायच्या आणि ताटाकडे बघून त्यांना अपराध्यासारखं वाटायचं. तो आला की त्या समोर बसायच्या, ताठ, पाण्याचा पेला घेऊन. दुकानात ताईनं त्यांचा कमरेचा पट्टा कुठेतरी टाकून दिला आणि कात्री-टेपसाठी खांद्यावरून घ्यायची पिशवी शिवून दिली. जेवणानंतर वाकायचं काम मशीनवरची एक बाई करू लागली. वहिनी खुर्चीत बसून "डावीकडे, अजून, हं" असं सांगायच्या. मामांनी एकदा इस्त्री उभी केली आणि घसा खाकरला.

"कुत्र्याचं मी जरा वाढवून सांगितलं होतं," ते म्हणाले. "खरं म्हणजे कुणी बघितलं नव्हतं, सुई बाहेर आली की नाही ते."

"कुत्रं जगलं ना?"

"जगलं. चांगलं म्हातारं होऊन."

वहिनींना ते ऐकून उगाचच बरं वाटलं, आणि दोन मिनिटांनी उगाचच वाईट.

फोन आला तेव्हा त्या एका नवरीच्या बाहीजवळ होत्या. डॉक्टरीणबाईंचं नाव दिसलं आणि वहिनी तो उचलेनात, म्हणून ताईनं फोन काढून घेतला, कानाला लावला, आणि मग काही न ऐकता तो वहिनींच्याच कानाला धरला. "तूच ऐक," ती म्हणाली.

गाठ नव्हती. आम्लानं जळून जळून झालेली सूज होती, आणि एका छोट्या पट्ट्यात अस्तराचा पोत बदलला होता. ते आत्ता वाईट नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यावर लक्ष ठेवायचं. औषध, जेवणाच्या वेळा, तिरका पलंग, आणि ठरल्या काळानं परत दुर्बीण.

"परत?" वहिनी म्हणाल्या.

"परत. तुमच्या आईंच्या वेळी कोणी आधी बघितलं नव्हतं. आपण बघणार आहोत. घास अडकला, वजन उतरलं, काळं शौच झालं, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. आणि नुसतं टोचलं तर सांगायचं. मला नाही तर घरात कोणाला तरी."

नवरी ओट्यावर एका बाहीत हात घालून उभी होती, दुसरा हात उघडा. "सगळं ठीक?" तिनं विचारलं.

"बरंचसं," वहिनी म्हणाल्या, आणि तिची दुसरी बाही चढवली.

पुढचे काही आठवडे जळजळ उतरत गेली. आवाज परत आला, आधी सकाळचा, मग दिवसभराचा. पावसुद्धा चावून, न अडकता उतरू लागला. घास अडकल्यापासून वहिनींनी पाव कितीतरी दिवस खाल्लाच नव्हता, आणि पहिला घास उतरेपर्यंत त्यांनी टेबलाची कड सोडली नव्हती.

मग एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी, नवरा जेवत होता आणि वहिनी समोर बसल्या होत्या. काही झालं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी उगीच वाजवत होतं. आणि गळ्याच्या खोबणीत टोचलं. बारीक. ओळखीचं.

सगळं एका क्षणात परत आलं. आईचा चमचा, ओठांच्या कोपऱ्यातलं पाणी, वेगळा रंग. वहिनींनी आवंढा गिळला आणि त्या आवंढ्याच्या मागे लक्ष देऊन बसल्या, तो कुठवर जातो, कुठे अडतो. तोंड मिटलेलं. हात मांडीखाली. पूर्वी त्या इथून उठल्या असत्या, स्वैपाकघरात गेल्या असत्या, पाणी प्यायच्या निमित्तानं उभ्या राहिल्या असत्या, आणि नवऱ्याला वाटलं असतं, हिला काहीतरी आठवलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "टोचतंय."

त्यानं घास ताटात परत ठेवला. विनोद त्याच्या तोंडाशी आला असेल नसेल, त्यानं तो बाहेर काढला नाही.

"किती?" त्यानं विचारलं.

वहिनींनी डोळे मिटून खरं उत्तर शोधलं. त्याला बरं वाटावं म्हणूनचं नाही आणि आपल्याला वाटत होतं तेवढंही नाही. भीती छातीत होतीच, चांगली जागती. तिच्या शेजारी ते टोचणं ठेवून बघितलं, तर ते भीतीपेक्षा बरंच लहान निघालं.

"थोडंसं," त्या म्हणाल्या. "बसा, जेवा. मी सांगत राहीन."